खेळातल्या मोटारीचा डिफरन्शियल

नेरूळच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या एकत्र कुटुंबात धाकट्या दिरांचा १७ वर्षांचा मुलगा रेडिओवर चालणारी मोठी मोटार बाळगून आहे. मोटार खऱ्या मोटारीच्या पंचमांश प्रमाणाची असून वजन सुमारे १२ किलो भरते. तिचा मागील डिफरन्शियल दुसऱ्यांदा मोडला, आणि चिरंजीव आता मूळच्याहून भक्कम असा नवा मागवू म्हणतात. सासऱ्यांच्या मते खेळण्यापायी इतका पैसा घालणे ही निव्वळ उधळपट्टी होय. यजमानांच्या मते मुलाच्या हाताला लागलेले वळण मोडू नये. दोन महिने या एका विषयावरून पंगतीत अबोला आहे, सबब आम्ही निवाडा द्यावा, अशी बाईंची विनंती आहे.

डिफरन्शियल हे प्रकरण मुळात काय आहे, ते आधी पाहू. बैलगाडीस त्याची गरज नसते. कारण तिची दोन्ही चाके आसावर मोकळी फिरतात आणि ओढणारे बैल पुढे असतात. अडचण येते ती आसानेच चाके फिरवावयाची ठरविल्यावर. शाळेत कवायतीची रांग वळताना आतल्या टोकाचा मुलगा जागच्या जागी पावले टाकतो व बाहेरच्या टोकाचा धावतो, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांस निराळे सांगावयास नको. प्रस्तुत मोटारीच्या दोन चाकांत ४५ सेंटिमीटर अंतर व चाकाचा व्यास २० सेंटिमीटर धरा. मोटारीने एक पूर्ण फेरा घेतला की बाहेरच्या चाकास आतल्यापेक्षा सुमारे २८३ सेंटिमीटर अधिक चालावे लागते, म्हणजे साडेचार वळसे जास्त. मौज अशी की फेरा लहान असो वा मोठा, हा फरक तेवढाच राहतो. घरातील मुलांनी हे गणित स्वतः करून पाहावे.

दोन्ही चाके एका आसास घट्ट जखडली तर हा फरक घसरून आणि टायर घासून भरून निघणार. आगगाडीची चाके तशी जखडलेलीच असतात, परंतु त्यांचा काठ किंचित उतरता ठेवून रूळ वळला की बाहेरचे चाक मोठ्या घेरावर चालेल अशी युक्ती केलेली असते. रस्त्यावरील वाहनासाठी मात्र १८२७-२८ च्या सुमारास ओनेसिफोर पेकर या फ्रेंच कारागिराने आपल्या वाफेच्या गाडीकरिता दातेरी चाकांची योजना काढली. तिचाच वंश आज बहुतेक मोटारींत नांदतो. आम्ही यास 'विभेदक' म्हणावे असे सुचविले असता घरची मुले हसली, म्हणून डिफरन्शियलच म्हणू.

यात एक खोड आहे. जे चाक हलके झाले त्याच्याकडे हा सारा वेग देऊन टाकतो. एक चाक हवेत गेले की तेच गरगरते, जमिनीवरचे स्वस्थ बसते. खेळातल्या मोटारींत म्हणून डिफरन्शियलच्या पोटात सिलिकोनचे दाट तेल भरतात. पाण्याचा दाटपणा १ धरला तर या तेलाचा हजारांत, प्रसंगी लाखांत मोजतात. ज्या मोटारींत तीन डिफरन्शियल असतात तेथे मधल्यात सर्वांत दाट, पुढच्यात त्याहून पातळ व मागच्यात सर्वांत पातळ, असा सामान्य प्रघात आहे.

आता मूळ प्रश्न. जुना मोडला का? दुकानदार सांगेल, कच्चा होता म्हणून; आणि ते काही अंशी खरेही असते. स्वस्त चाके पोलादाची पूड साच्यात दाबून व भाजून करितात. भारी चाके पोलादी कांबीतून कातून, पाणी देऊन कठीण करितात. त्यांचे दाते तिरपे वळलेले असले तर एका वेळी अधिक दात्यांवर भार वाटला जातो. हे सर्व कबूल. परंतु एकच भाग दोनदा मोडतो तेव्हा नुसत्या धातूस दोष देऊन भागत नाही. उंचवट्यावरून उडी मारताना मुलगा वेगाची कळ दाबूनच ठेवतो काय? हवेत चाके भरमसाट फिरतात, जमिनीस टेकताच एकदम अडतात, आणि तो सारा हिसका दात्यांवर येतो. दुसरे, मोठे मुकुटचक्र व त्यास फिरविणारे लहान पिनियन यांच्यामध्ये फट जास्त राहिली असेल, तर दाते टोकाटोकांनीच धरतात आणि झिजून उडतात. ही दोन कारणे तशीच ठेवून भक्कम डिफरन्शियल बसविला तर दुखणे शेजारच्या घरी जाते, इतकेच. मग चाकाकडे जाणारा दांडा पिळतो, किंवा प्लास्टिकची पेटी उकलते. तेव्हा तिसरी मागणी येईल, आणि सासरेबोवांचे म्हणणे खरे ठरेल.

म्हणून आमचा निवाडा असा : डिफरन्शियल घ्यावा, पण आधी जुना उघडून मुलाने आजोबांसमोर ठेवावा आणि कोणता दाता कोठे मोडला ते त्यांस दाखवावे. दाते केवळ शेंड्याशी तुटले असतील तर फट कारण. मुळापासून उखडले असतील तर बहुधा हिसका. हे ज्यास सांगता येत नाही त्याने नवा भाग मागवू नये. सबंध मोटार नवी घेणे तर त्याहून महाग. परदेशी खेळण्यांवरील मूळ आयातशुल्क २०२० साली २० वरून ६० टक्के व २०२३ साली ७० टक्के झाले, हेही आजोबांच्या कानी घालावे.

बसविताना प्रथम विजेची बॅटरी सोडवून दूर ठेवावी. ८ घरांची लिथियम बॅटरी २९.६ व्होल्टची असते आणि चुकून कळ लागली तर बोट जाईल. मुकुटचक्र व पिनियन जोडीनेच बदलावे. जुन्यासोबत नवे नांदत नाही. फट जास्त वाटल्यास मुकुटचक्राच्या पाठीच्या बाजूस पातळ पोलादी चकती घालावी. तुर्भे-महापेकडील यंत्रशाळांत हे काम जाणणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडे एक सकाळ उभे राहिल्याने मुलाचे नुकसान होणार नाही. पिनियन धरून मुकुटचक्र हलविता ते किंचितच डुलावे, आणि पुऱ्या फेऱ्यात कोठेही अडू नये. तेल आतली चिमुकली चाके बुडतील इतकेच ओतावे, बुडबुडे निघून जाऊ द्यावेत. तापून फुगण्यास थोडी जागा हवी. झाकणाचे स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत. धातूत जाणाऱ्या आट्यांस निळे चिकटद्रव्य लावावे, प्लास्टिकला कदापि नाही, ते तडकते.

एक अट मात्र आम्ही आमच्या वतीने घालतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी वस्तू जवळजवळ १० मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूइतक्या जोराने आदळते. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून १२ किलोची गोणी. सोसायटीच्या आवारात, जेथे संध्याकाळी आजीबाई व लहान मुले फिरतात, तेथे ही मोटार चालवू नये. पाम बीच रस्त्याच्या कडेस तर नाहीच नाही. सिडकोच्या वसाहतींत मोकळे भूखंड अजून दिसतात, पण मोकळा म्हणजे बेवारशी नव्हे. ज्याची जागा त्याची परवानगी घ्यावी, आणि वडीलधारे कोणी तरी सोबत असावे. आजोबाच गेले तर उत्तम.

पहिल्या दोन-तीन खेपा सपाट जमिनीवर निम्म्या वेगाने चालवाव्यात, उडी एकही नको. मग पेटी उघडून वंगण बोटावर घेऊन उन्हात पाहावे. थोडी करडी छटा चालते. चकाकणारे कण दिसले, तर फट पुन्हा तपासावी.