दुवा प्रशस्तिपत्र मागत नाही : लोकनिंदेचे भय, इस्लामी प्रार्थना आणि सोलापूर (थ्रेड)

१/
‘लोक काय म्हणतील’ या भयावर अमुक दुवा इतक्या वेळा म्हणा, म्हणजे सगळे तुमची वाहवा करतील, असे सांगणाऱ्या चित्रफितींचा सध्या सुकाळ आहे. दुसरीकडे, अशी प्रार्थना ही दुबळ्या मनाची पळवाट, अशी तिची संभावना होते. मूळ प्रार्थना वाचण्याचे कष्ट दोन्ही पक्ष घेत नाहीत.

२/
आधी शब्द पाहावेत. अब्रू, इज्जत, बदनामी, फजिती : लोकनिंदेच्या भयाची मराठीतील बरीचशी शब्दसंपत्ती फारसी-अरबीतून आली. ‘इभ्रत’चे मूळ अरबी ‘इब्रत’, म्हणजे धडा, इशारा. मराठीत तिची प्रतिष्ठा झाली. ‘दुवा’ हा शब्दही त्याच वाटेने आला. भय आणि उतारा एकाच गलबतातून उतरले.

३/
कुरआनच्या २० व्या अध्यायात (ताहा, आयत २५ ते २८) हजरत मूसांची प्रार्थना आहे. फिरऔनसमोर जाण्याची आज्ञा झाली आहे. ते मागतात काय? छाती विशाल व्हावी, काम सुकर व्हावे, जिभेची गाठ सुटावी आणि बोलणे लोकांना कळावे. दरबाराने मान डोलवावी, अशी मागणी तिथे नाही.

४/
‘दुबळे मन’ हा आक्षेपही टिकत नाही. १५ व्या अध्यायात (अल्-हिज्र, आयत ९७-९८) लोकांच्या बोलण्याने खुद्द पैगंबरांची छाती आवळते, हे स्पष्ट मान्य केले आहे. उपाय सांगितला आहे तो स्तवनाचा आणि सजद्याचा. बुखारींच्या हदीस-संग्रहातील एका दुव्यात चिंता, भ्याडपणा, कर्जाचा भार आणि माणसांचा वरचढपणा या साऱ्यांपासून एकत्रच आश्रय मागितला आहे.

५/
वाहवा मिळवून देणारा दुवा ही तर उलटी गंगा. लोकांनी पाहावे म्हणून केलेल्या उपासनेला इस्लामी परिभाषेत ‘रिया’ म्हणतात. १०७ व्या अध्यायात (अल्-माऊन) अशा दिखाऊ नमाजींची कठोर निर्भर्त्सना आहे.

६/
आता सोलापूर. जिभेच्या गाठीचा प्रश्न येथे १९९० साली जाहीरपणे मांडला गेला. पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरले. अध्यक्ष होते फ. म. शहाजिंदे, या चळवळीच्या उभारणीत सोलापूरचे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर अग्रभागी होते.

७/
या लेखकांपुढे एक नव्हे, दोन दरबार होते. एक विचारी : मराठी साहित्यात हा वेगळा सवतासुभा कशाला? दुसरा विचारी : मुसलमानाची भाषा उर्दू असताना मराठी कशाला? दोघांचेही समाधान होईपर्यंत थांबायचे ठरले असते, तर ते संमेलन भरलेच नसते. आपले जगणे मराठीत कळावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. मूसांची शेवटची मागणीही तीच.

८/
हा पेच नवा नाही. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीगोंद्याच्या संत शेख महंमदांनी १६४५ मध्ये ‘योगसंग्राम’ मराठीत पूर्ण केला. स्वतःला ‘अविंध’ म्हणवून घेण्यात त्यांना संकोच वाटला नाही. त्यांच्या स्थानाला आज कोणी समाधी म्हणतो, कोणी दर्गा.

९/
आणि इतिहासप्रेमी तरुण काय करतात? शेख महंमदांचे नाव निघाले की निवाडा सुरू : ‘ते खरे मुसलमान नव्हतेच’, ‘ते मनाने हिंदूच होते’, ‘हे सगळे नंतर रचलेले’. ओवी एकही वाचलेली नसते. दाखला मात्र प्रत्येकाला हवा असतो. ज्या लोकनिंदेपासून माणसे आश्रय मागत आली, तिचेच एक कचेरीघर इतिहासाच्या नावाखाली उघडले गेले आहे.

१०/
आक्षेप येईल : मग व्यक्तीचा धर्म नोंदवायचाच नाही काय? अवश्य नोंदवावा. शेख महंमदांचे अविंधपण वगळले, तर त्यांनी मराठीत लिहिण्याचे मोल कळणार नाही. त्यांची मराठी वगळली, तर काहीच कळणार नाही. पण नोंद वेगळी आणि निष्ठेची परीक्षा वेगळी. नोंदीला पुरावा लागतो. परीक्षेला फक्त गर्दी पुरते.

११/
या परीक्षेची किंमत जिवंत माणसे मोजतात. सोलापुरातील एखादी मुस्लिम विद्यार्थिनी मराठीत इतिहास लिहू लागते, तेव्हा पूर्वसूरींना कसे वागवले गेले, हे ती पाहत असते. तिने लेखणी उचलावी की मिटून बसावे, याचा निर्णय अंशतः अशाच चर्चांत होतो.

१२/
म्हणून पुढच्या वेळी दाखला मागण्यापूर्वी ‘योगसंग्राम’ उघडावा, सोलापूरच्या संमेलनामागची भूमिका समजून घ्यावी. समजून घेतल्यावर मतभेद जरूर मांडावेत. बोलणे कळावे, एवढेच त्या प्राचीन प्रार्थनेत मागितले आहे. ते पुरे करणे ऐकणाऱ्यांच्याही हाती असते.

(थ्रेड समाप्त)