कुत्र्याची छत्री

'आम्ही कुत्रा घरात घेत नाही, मग त्याची काळजी कशाला?' असे आपल्यातले काहीजण विचारतात. पण राखणीचा कुत्रा अंगणात असतोच, आणि पावसाळ्यात तिथेच 'कुत्र्याच्या छत्र्या' उगवतात. काही विषारी छत्र्यांचा परिणाम ६ ते २४ तासांनी दिसतो. उलट्या थांबतात, कुत्रा सावरल्यासारखा वाटतो आणि मग यकृत निकामी होते. म्हणून संशय येताच, वाट न पाहता, छत्रीचा तुकडा कागदात घेऊन पशुवैद्याकडे जावे. पावसात रोज सकाळी हातमोजे घालून छत्र्या मुळासकट उपटाव्यात.

तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून, जोड्यात पाणी भरून आणणाऱ्याला अल्लाहने माफ केले, ही हदीस आपण मुलांना सांगतो. इथे तर फक्त अंगणात वाकायचे आहे.