फी भरण्यापूर्वी

मुलांनो, दहावी-बारावी झाली की 'पुढे काय?' हा प्रश्न घराघरांत निघतो. आपल्या नागपुरात त्याचे एक उत्तर आहे : अग्निशमनाचे प्रशिक्षण. केंद्र सरकारचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली रामपूर येथे सुरू झाले व १९५७ साली नागपुरात आले. देशभरातील अग्निशमन अधिकारी येथे शिकतात.

हे शिक्षण देणाऱ्या खासगी संस्थाही असतात. तेथे फी भरण्यापूर्वी तीन गोष्टी पाहा. प्रमाणपत्राला कोणाची मान्यता आहे? शिडी चढणे, पाण्याचा पाइप धरणे हे प्रत्यक्ष शिकवतात का? भरतीसाठी लागणारी उंची आणि ताकद तुमच्यात आहे का? उत्तरे पटली नाहीत, तर अब्बांच्या कष्टाचा पैसा वाचवा. प्रमाणपत्र म्हणजे नोकरी नव्हे.

शिवाय, या कामाची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटात अग्निशामक दलाचे ६६ जवान मरण पावले. धोका ओळखूनच ही वाट धरा.

मग हे शिकूच नये का? माझ्या मते, जरूर शिकावे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून १० नवजात बालके दगावली. रुग्णालयांत, कारखान्यांत, शाळांत जाणती माणसे हवीच आहेत. पेटलेल्या तेलावर पाणी ओतू नये, धुरातून वाकून बाहेर पडावे, एवढे ज्ञानही घरातल्यांचे प्राण वाचवते. हे शिक्षण महाग नाही. न विचारता घेतले, तर मात्र महाग पडते.