चाळीच्या ओट्यावर परसबाग



तुमच्यापैकी पुष्कळ घरांतला एखादा मुलगा, दीर किंवा जावई मुंबईत कामाला असेल. साकीनाक्याचेच पाहा. अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या अंगाने लहान कारखान्यांचे गाळे आणि त्यांना लागून चाळी. एका खोलीत संसार आणि दाराशी हातभर ओटा. गावी परसातला माठ नि अंबाडी खुडून आणणाऱ्या सुनेला तिथे कोथिंबिरीची काडीसुद्धा विकत घ्यावी लागते. महिनाअखेरीला हात आखडला की पहिली काट भाजीलाच बसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. तेव्हा पालेभाजीला चैन समजू नका.

जागा नाही, पैसा नाही, मग बाग कशी करावी? याचे उत्तर मुंबईतच मिळते. वांद्र्याचे डॉ. आर. टी. दोशी यांनी आपल्या गच्चीवर उसाची चिपाडे, घरचे कुजलेले खत आणि थोडीशी माती पिशव्यांत व पिंपांत भरून भाजीपाला व फळे पिकवून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून बाग उभी केली. दोन्हीकडे भांडवल एकच, ते म्हणजे लोकांनी टाकून दिलेला माल.

साकीनाक्याला हा माल हवा तेवढा आहे. रसवंतीवाल्याकडची चिपाडे मागितली तर तो आनंदाने देईल. ती चार दिवस उन्हात वाळवा, नाहीतर गोडीमुळे मुंग्या लागतात. मग बारीक तुकडे करून शेणखतात मिसळा आणि महिनाभर ओलसर ठेवून कुजवा. कच्ची चिपाडे वापरू नका, कारण कुजताना ती पिकाच्या वाट्याचे नत्र ओढून घेतात. कुजलेली चिपाडे दोन भाग, खत एक भाग आणि माती एक भाग असे मिश्रण करा. हे नुसत्या मातीहून हलके असते. तरीही पत्र्याच्या छपरावर डबे चढवू नका, ओट्यावर किंवा जमिनीवरच ठेवा.

आता खबरदारीची गोष्ट, आणि या लेखात ध्यानात ठेवण्यासारखी हीच मुख्य आहे. फुकट मिळाले म्हणून कोणताही डबा घेऊ नका. भंगारात रंगाचे, तेजाबाचे, रसायनांचे डबे आणि पिंपे असतात. ती कितीही धुतली तरी भाजी लावण्याजोगी होत नाहीत. त्यापेक्षा १५ किलोचा गोडेतेलाचा डबा, धान्याचे पोते किंवा फळांची पेटी घ्या. डब्यात पूर्वी काय होते हे सांगता येत नसेल तर तो सोडून द्या. हाच नियम गावीही पाळा. कीटकनाशकाचा रिकामा डबा परसबागेत, पाण्याला किंवा धान्याला कधीही वापरू नका.

पाण्याचेही तसेच आहे. साकीनाक्याजवळून मिठी नदी जाते. तिच्यात कारखान्यांचे नि गटारांचे पाणी मिसळते. अशा पाण्यावर वाढलेल्या पालेभाजीत जड धातू उतरतात आणि धुऊन ते जात नाहीत. म्हणून नदीचे किंवा नाल्याचे पाणी तर नकोच, काठची मातीही नको. तांदूळ, डाळ आणि भाजी धुतलेले पाणी तीन-चार डब्यांना पुरते. साबणाचे पाणी पालेभाजीला देऊ नये. गावी न्हाणीचे सांडपाणी केळीकडे वळवावे.

सुरुवात मेथीने करावी. मुंबईच्या बाजारात समुद्रमेथीच्या इवल्याशा जुड्या येतात. ती वाळूत दाट पेरून कोवळीच उपटलेली मेथी असते. स्वयंपाकघरातलेच मूठभर मेथीदाणे रात्रभर भिजवा आणि पसरट पेटीत मिश्रणावर दाट टाका. हवामानाप्रमाणे १० ते १५ दिवसांत ती उपटण्याजोगी होते. तीन पेट्या ठेवून दर पाच दिवसांनी एकेक पेरली की खंड पडत नाही. त्यानंतर माठ आणि पालक घ्या. पालकाची बाहेरची पाने कापत गेले की तो पुन्हा फुटतो. कोथिंबिरीसाठी घरचे धणे चपलेने किंवा लाटण्याने हलके रगडून दोन भाग करून पेरा. पालेभाजीला वीतभर खोली आणि रोज तीन-चार तास ऊन पुरते. मिरची-वांग्याला फूटभर खोली आणि पाच-सहा तास ऊन लागते, तेव्हा एका डब्यात एकच रोप लावा. प्रत्येक डब्याच्या तळाला भोके पाडण्यास विसरू नका.

माव्यासाठी औषध विकत आणू नका. ५० ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. भाजी शिजवताना किंवा ताटात लिंबू पिळावे, म्हणजे पालेभाजीतले लोह अंगी अधिक लागते.

चार डब्यांत सगळ्या घराची भाजी भागेल असे कोणी समजू नये. आठवड्यातून एक-दोन वेळची पालेभाजी आणि रोजची कोथिंबीर-मिरची निघाली तरी पुष्कळ झाले. हा खर्च कमी ठेवणे तुमच्या हाती आहे. गावठी माठ, घेवडा, दोडका यांच्या निरोगी वेलींवर व झाडांवर थोडे बी पिकू द्या, वाळवून राखेत ठेवा आणि कोणी मुंबईला निघाले की पुडीत बांधून द्या. सोबत घमेलेभर चांगले कुजलेले शेणखतही द्या. मात्र संकरित वाणाचे बी धरू नका, त्याचे पीक पुढच्या वर्षी तसेच येत नाही.

घरात परसबाग असेल तर आजच एक दोडका बियाण्यासाठी राखून ठेवा. त्याला सुतळी बांधा, म्हणजे घाईत कोणी तो तोडणार नाही.