काशाचा नाद

भरतमुनींनी वाद्यांचे तत, अवनद्ध, घन व सुषिर असे चार वर्ग केले. त्यांपैकी वीणा, मृदंग व वेणू यांस सुशिक्षितांच्या बैठकीत मान मिळाला. घनवाद्यांच्या वाट्यास मात्र देवघरातील घंटा आणि शाळेतील टोल एवढेच आले. यादव सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात जयघंटा वर्णिली आहे. काशाची सपाट वाटोळी थाळी दोरीने धरावी व दांडीने ठोकावी, इतकेच ते वाद्य. घण्टा या शब्दाचेच ‘गेंता’ होऊन ते बलीद्वीपात गेले व तेथील पुरोहितांच्या हातात आजही आहे.

पण काशाचे खरे वैभव जावा-बलीकडील ‘गामेलान’ नामक वाद्यमेळात पाहावे. लहानमोठ्या घंटा, थाळ्या व पट्ट्या यांचा संच एकाच वेळी घडवितात व परस्परांशी जुळवितात. त्यामुळे एका संचातील वाद्य सहसा दुसऱ्यात चालत नाही. बलीमध्ये जलद चाल दोन वादक वाटून घेतात. एकाचे स्वर दुसऱ्याच्या स्वरांमधील फटीत बसतात. एकट्याने वाजविल्यास चाल अर्धीच राहते. शिवाय पुष्कळ संच कोणा एका धनिकाचे नसून वस्तीच्या ‘बंजार’ या मंडळाचे असतात. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात जाव्ही मेळ ऐकून फ्रेंच संगीतकार देब्यूसी थक्क झाला. २०२१ साली युनेस्कोने गामेलानास मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

या मेळाचे भावंड आम्हांस परळच्या भोईवाड्यात आढळते. ही गिरणगावातील वस्ती. कोकणातून आलेले कामगार येथे गावकीच्या खोल्यांतून दाटीने राहात, पाळीपाळीने निजत व खानावळीत जेवत. त्याच खोल्यांत गावाचे भजनी मंडळ बसे. पेटी, पखवाज व झांजा मंडळाच्या, म्हणजे साऱ्या गावाच्या. बुवा अभंगाचा चरण टाकी, झीलकरी तो उचलीत, लय चढत जाई व शेवटी गजरात कोणाचा कंठ कोणता हे कळेनासे होई. दोन बुवा समोरासमोर बसले की डबलबारी. एकाच्या प्रश्नाला दुसऱ्याने गाण्यातच उत्तर द्यावयाचे. हा वादविवाद पुष्कळ सभांहून सरस!

आमच्या वाचकांपैकी काहींस हा गोंगाट वाटेल. परंतु गणपतीच्या आरतीला सासरा, सून व नातवंडे झांजा घेऊन उभी राहतात, तेव्हा आपण दुसरे काय करतो? मैफलीत एक गातो व शंभर ऐकतात. येथे ऐकणारा निराळा नसतो. कान बधिर करतो तो ध्वनिक्षेपक. काशास उगाच दोष देऊ नये.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. कोणी गावी परतले, कोणी विरार-बदलापूरकडे गेले. ज्या खोलीत रोज पंधरा माणसे निजत, तेथे झील धरावयास पाचही जमणे कठीण झाले. आता चाळींच्या जागी मनोरे उठत आहेत. नकाशात मोटारींस जागा असते, व्यायामशाळेस असते. मंडळाच्या पेटीस कोठे असते? प्रत्येक कुटुंबास स्वतंत्र घर मिळते हे उत्तमच, पण झांजांचा जोड कोणा एका कुटुंबाचा नव्हता. तो कोणी घरी न्यावा?

आमच्या वाचकांतील कित्येक गृहस्थ गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांवर आहेत. मुख्य दरवाजाजवळ एक कुलपाचे कपाट आणि आठवड्यातून एक सायंकाळ, रात्री दहाच्या आत, ध्वनिक्षेपकावाचून सभागृह मोकळे, एवढा ठराव पुढील सभेत मांडावयास हरकत नसावी. आणि ठराव संमत झालाच, तर मांडणाऱ्यांनी पहिल्या सायंकाळी खुर्च्यांवर न बसता सतरंजीवर बसून झील धरावी.