कुलूप लावलं की प्रश्न सुटतो?

आमच्या गावातल्या शाळेच्या प्रयोगशाळेला जवळजवळ दीड वर्ष कुलूप होतं. ते लावायचं की नाही, यासाठी शिक्षक-पालक संघाच्या सभेत हात वर करायला सांगितले, तेव्हा पहिल्या पाच हातांत माझाही हात होता. आज त्याची लाज वाटते, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

झालं होतं असं. दहावीच्या वर्गाला चुनकळीचा, म्हणजे कळीच्या चुन्याचा प्रयोग दाखवत होते. चुनकळीवर पाणी टाकलं की ती फसफसते आणि चांगलीच तापते. वर्गात साठ मुलं, सर एकटेच, मदतीला परिचर नाही कारण ती जागा कित्येक वर्षं रिकामी. सगळ्यांनाच जवळून बघायचं होतं. पुढे झालेली एक मुलगी चंचुपात्रावर वाकली आणि चुन्याचा शिंतोडा तिच्या डोळ्यात उडाला. प्रयोगशाळेतल्या नळाला पाणी नव्हतं. सरांनी घाबरून डोळ्यावर ओला रुमाल बांधला आणि तिला स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, ''डोळा किती वेळ धुतला?'' धुतलाच नव्हता!

डोळा गेला नाही, देवाची कृपा. पण बुबुळावर पांढुरका डाग राहिला आणि त्या डोळ्याला आजही धूसर दिसतं.

सभेत मग व्हायचं तेच झालं. ''मुलीच्या जातीला कशाला हे प्रयोग? चेहऱ्याला काही झालं असतं तर उद्या लग्न कसं जमलं असतं?'' एक वहिनी म्हणाल्या, आणि आम्ही साऱ्याजणींनी माना डोलावल्या. मी बी.ए. झालेली बाई. महिला मंडळात मुलींच्या शिक्षणावर भाषणं करणारी. मीही मान डोलावली. कुलूप लागलं. आपण मुलांना वाचवलं, अशा समाधानात आम्ही चहा पिऊन घरी आलो.

पुढच्या वर्षी माझी धाकटी दहावीत गेली. एका रात्री ती विज्ञानाची प्रयोगवही लिहीत बसली होती. शेजारी मैत्रिणीची वही उघडी. मी विचारलं, ''हे काय, बघून लिहितेस?'' ती सहज म्हणाली, ''आई, निरीक्षणं सरांनी फळ्यावर लिहून दिली. सगळ्यांची सारखीच आहेत.'' मी वही चाळली. ''मी परीक्षानळीत द्रावण घेतले,'' ''मला असे आढळले,'' सगळीकडे मी आणि मला. आणि या ''मी''ने परीक्षानळी हातातसुद्धा धरलेली नव्हती.

दहावीला विज्ञानाचे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर आणि वीस गुणांचं प्रात्यक्षिक असतं. त्या वीस गुणांसाठी आम्ही साठ मुलांना सुंदर अक्षरात खोटं लिहायला शिकवत होतो. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून सांगायचं. पुढे हीच मुलं रक्त तपासणार, औषधं देणार, पुलाचं सिमेंट तपासून सही करणार. तेव्हा त्यांनी खरं लिहावं, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

तरीही मी गप्पच होते. बोलायला लावलं ते त्याच मुलीने. बाजारात भेटली, चष्मा लावलेला. ती तेव्हा अकरावी सायन्सला होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाली, ''काकू, लॅबला कुलूप माझ्यामुळे लागलं का हो? खालच्या वर्गातल्या मुली मला तसं म्हणतात.''

मैत्रिणींनो, मला काय उत्तर द्यावं कळेना. जिला इजा झाली तिच्याच माथी दोष मारून आम्ही मोकळे झालो होतो. पाण्याचा नळ कोणी दुरुस्त केला नाही, डोळ्यांवर चष्मा का नव्हता हे कोणी विचारलं नाही. आम्ही विचारलं काय, तर मुलगी इतकी पुढे कशाला वाकली!

कुठे काही बिघडलं की बाईसमोरचं दार लावून टाकायचं, ही आपली जुनी सवय. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण कमला, पुढच्या कमला सोहोनी, 1933 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. पदवी परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या. पण मुलगी म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी आधी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्ष काम पाहून ठरवू, अशा अटीवर घेतलं. 1939 मध्ये त्या केंब्रिजची पीएच.डी. मिळवून परतल्या. त्या दारातून तशाच मागे फिरल्या असत्या तर? कुलूप नेहमी काळजीच्या नावाने लागतं, हे लक्षात ठेवायला हवं.

म्हणजे धोका नसतो असं मी म्हणत नाही. मोठ्या मोठ्या ठिकाणीही माणसं गेली आहेत. 2008 च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शेहरबानो संगजी नावाची तेवीस वर्षांची मुलगी हवा लागताच पेटणारं रसायन हाताळत होती. अंगात प्रयोगशाळेचा कोट नव्हता, सिंथेटिक स्वेटर होता. तो पेटला आणि अठरा दिवसांनी ती गेली. 2011 मध्ये येल विद्यापीठात मिशेल ड्युफॉल्ट ही बावीस वर्षांची विद्यार्थिनी रात्री एकटी लेथ मशीनवर काम करत होती. केस मशीनमध्ये अडकले. जवळ कोणी नव्हतं. या दोघी हुशार होत्या. हुशारी वाचवत नाही. अंगात काय घातलंय, केस कसे बांधलेत, शेजारी कोण आहे, हे वाचवतं.

आता सांगा, यातलं कुठलं आपल्याला नवीन आहे? गॅसपाशी नायलॉनची ओढणी घेऊन उभ्या राहणाऱ्या सुनेला सासू ओरडतेच ना? केस मोकळे सोडून स्वयंपाक करू नये, हे आपल्या आजीने सांगितलेलं. तापलेल्या तेलात पाण्याचा थेंब पडला की फोडणी अंगावर उडते, हे तर आपल्याइतकं कोणाला ठाऊक! तीव्र आम्ल सौम्य करताना पाण्यात आम्ल हळूहळू ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही, हा नियम मुलं पाठ करतात. त्यातलं कारण या फोडणीच्या जवळचंच आहे. आम्लात पाणी टाकलं की एवढी उष्णता निघते की वरचं थोडंसं पाणी लगेच उकळून आम्लासकट बाहेर उडतं. उलट भरपूर पाण्यात थोडं थोडं आम्ल टाकलं की ती उष्णता सगळ्या पाण्यात वाटली जाते. कारण कळलं की नियम पाठ करावा लागत नाही.

हे मी एका रविवारी महिला मंडळात सांगितलं. ऐकून बायका आपापले अनुभव सांगायला लागल्या. एकीच्या घरी संडास साफ करायचं ॲसिड कोल्ड्रिंकच्या बाटलीत ठेवलेलं. एकीने फरशी चकचकीत व्हावी म्हणून ब्लिचिंग पावडरमध्येच ते ॲसिड ओतलं, आणि खोकून खोकून बेजार होऊन अंगणात पळाली. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये तो जीवसुद्धा घेऊ शकतो, हे आमच्यातल्या कितीजणींना माहीत होतं? आणि तंबाखूच्या चुन्याची पुडी वा ट्यूब तर घरोघरी. मुलं खेळताना ती दाबतात आणि चुना थेट डोळ्यात जातो. म्हणजे प्रयोगशाळा बंद केली तरी चुना घरात आहेच! फरक इतकाच, की घरी शिकवायला कोणी नाही.

मग आम्ही ठरवलं. दर संक्रांतीला हळदीकुंकवाला आम्ही प्लास्टिकचे डबे नाहीतर चमचे वाण म्हणून लुटतो. त्या वर्षी वाण लुटलं नाही. ते पैसे आणि भिशीतले थोडे असे जमवून, बाजूनेही बंद असलेले डोळ्यांचे चष्मे आणले, एका वेळी प्रयोग करणाऱ्या सगळ्या मुलांना पुरतील इतके. ते घेऊन मुख्याध्यापक सरांकडे गेलो. म्हटलं, ''सर, चूक आमचीही आहे. कुलूप काढा. पण आधी नळाला पाणी आणा.''

सर सुरुवातीला कचरले. त्यांचंही खरं होतं. पुन्हा काही झालं तर बोट त्यांच्याकडेच दाखवलं जाणार. विज्ञानाचे सर म्हणाले, ''वहिनी, साठ मुलं आणि मी एकटा. कुणाकुणाकडे बघू?'' म्हणून वर्गाच्या दोन तुकड्या केल्या. निवृत्त झालेल्या एक बाई आठवड्यातून दोनदा येऊन उभ्या राहतात. नळाला पाणी आलं, वाळूची बादली आली. परिचराच्या जागेसाठी अर्ज केलाय, त्याचा पाठपुरावा चालू आहे. स्पिरिटचा दिवा फुंकून नाही, टोपण ठेवून विझवायचा आणि पेटता असताना त्यात स्पिरिट भरायचं नाही. परीक्षानळीचं तोंड स्वतःकडे किंवा शेजारणीकडे धरायचं नाही. वास घ्यायचा तर नाक खुपसायचं नाही, हाताने हवा अलगद नाकाकडे घ्यायची. तिथे डबा खायचा नाही. हे नियम मुलांनीच मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावले. सगळ्यात वर लिहिलंय, ''डोळ्यात काही गेलं तर आधी पाणी, मग डॉक्टर.'' पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा. चुन्यासारखे अल्क आम्लापेक्षाही खोल शिरतात, म्हणून एक मिनिटही दवडायचं नाही. घरात भाजलं तरीही तेच. वीस मिनिटं नळाच्या साध्या गार पाण्याखाली धरायचं. टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फही नको.

या वर्षी चुनकळीचा तोच प्रयोग पुन्हा झाला. मी मुद्दाम गेले होते. चष्मे लावलेल्या, वेण्या घट्ट बांधलेल्या, ओढण्या काढून ठेवलेल्या मुली पाच-पाचच्या गटात उभ्या. छातीत धडधड माझ्याच होत होती. पाणी टाकलं... आणि काहीच झालं नाही! पाणी थंडच. एका मुलीने विचारलं, ''सर, पुस्तकात तर तापतं असं दिलंय. काय लिहू?'' वर्ग शांत. मागच्या वर्षीची सवय असती तर सगळ्यांनी ''तापले'' असंच लिहिलं असतं. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, ''जे झालं तेच लिही. आणि का झालं नाही, ते शोधा.''

मुलींनी शोधलं. चुन्याचा डबा बरेच महिने नीट बंद केलेला नव्हता. हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड शोषून कळीचा चुना आधीच विरून गेला होता. आता हा नुसता तर्क झाला. तो तपासायचा कसा? पुढच्या तासाला ताजी चुनकळी आणली. वजन तेवढंच, पाणी तेवढंच, भांडं तेच. बदललं फक्त एक, चुना. या वेळी तापमापीतला पारा भराभर चढला आणि मुली ओरडल्याच! एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते प्रामाणिकपणे लिहायचं. शास्त्र म्हणतात ते हेच असावं, असं माझ्यासारख्या कला शाखेच्या बाईलाही त्या दिवशी वाटलं.

घरी तुम्हीही करून बघा. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, हे आपण रोज बघतो. त्यावर लिंबू पिळलं तर? पुन्हा पिवळा. हळदीत चुना मिसळून कुंकू करणाऱ्या आपल्या पणज्यांना हे ठाऊक होतं, फक्त त्याला कोणी प्रयोग म्हटलं नाही. लेकीला सोबत घ्या, सोडा, लिंबू, ताक, साबण, एकेक करून बघा आणि तिला तिच्या शब्दांत वहीत लिहू द्या.

आणि पालकसभेला जाल तेव्हा नुसते मार्क विचारून परत येऊ नका. प्रयोगशाळा आठवड्यातून किती वेळा उघडते? तिथे नळाला पाणी आहे का? डोळ्यांना चष्मे आहेत का? एका वेळी किती मुलं असतात? आणि माझ्या मुलीने या महिन्यात स्वतःच्या हाताने काय केलं? विचारायला पैसे पडत नाहीत.

ती मुलगी आता डी.फार्म.ला आहे. परवा भेटली तेव्हा तिला चुनकळीची सगळी हकीकत सांगितली. ऐकून हसली. म्हणाली, ''काकू, त्यांच्या वह्या वेगवेगळ्या होत्या का?''

होत्या. पाच गटांची पाच निरीक्षणं, एकाचं दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नव्हतं. इतक्या वर्षांत आमच्या शाळेत पहिल्यांदाच.