लशीचा दाखला आणि रोजची भाकरी

१५ ऑगस्ट २०२१ या दिवशी मुंबईची उपनगरी रेल्वे सर्वसामान्य प्रवाशांसाठी पुन्हा खुली झाली. मात्र त्यासाठी एक अट होती. लशीच्या दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस उलटलेल्या व्यक्तीलाच मासिक पास मिळणार होता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्र होरपळून निघाला होता. अशा वेळी शासनाने सावधपणे पावले टाकावीत, हे समजण्यासारखे होते. परंतु या अटीने एक मूलभूत प्रश्न उभा केला. समाजाच्या आरोग्यासाठी व्यक्तीचा प्रवास, रोजगार आणि दैनंदिन व्यवहार यांवर लसीकरणाची अट घालण्याचा अधिकार शासनाला किती असावा? साथ ओसरली, मुखपट्ट्या उतरल्या आणि हा प्रश्नही विस्मरणात गेला. पुढची साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच त्याचा विचार आजच्या शांत काळात झाला पाहिजे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा वाद लशीच्या उपयुक्ततेचा नाही. १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेल्या देशव्यापी मोहिमेने २१ ऑक्टोबरला शंभर कोटी मात्रांचा टप्पा ओलांडला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोविशील्डचे प्रचंड उत्पादन केले, तर पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केलेला विषाणू कोव्हॅक्सिनच्या निर्मितीस आधारभूत ठरला. परदेशी लशींची वाट पाहत बसण्याची वेळ या देशावर आली नाही. लशीमुळे गंभीर आजार आणि मृत्यू यांना मोठा पायबंद बसला, हे निर्विवाद आहे. शरीरप्रकृतीचा अडसर नसलेल्या प्रत्येक नागरिकाने लस घ्यावी, हे त्याचे सामाजिक कर्तव्यच होते. परंतु कर्तव्य समजावून देणे वेगळे आणि ते पार पाडेपर्यंत भाकरी रोखून धरणे वेगळे.

उपनगरी रेल्वेच्या अटीचा हिशेब मांडला की हा भेद ध्यानात येतो. १८ ते ४४ या वयोगटासाठी लसीकरण १ मे २०२१ पासून खुले झाले. परंतु मात्रांच्या तुटवड्यामुळे महाराष्ट्रात या गटाचे लसीकरण मे महिन्यातच थांबवावे लागले आणि ते पुन्हा सुरू होण्यास जूनचा उत्तरार्ध उजाडला. मधल्या काळात कोविशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर किमान ८४ दिवस करण्यात आले होते. म्हणजे २२ जूनला पहिली मात्रा घेणाऱ्या तरुणाला दुसरी मात्रा १४ सप्टेंबरपूर्वी मिळणे शक्य नव्हते आणि रेल्वेचा पास २८ सप्टेंबरपूर्वी मिळणार नव्हता. त्याने आज्ञापालनात कोणतीही कसूर केली नव्हती. लस घेण्याची त्याची तयारी होती, रांगेत उभे राहण्याचीही होती. तरीही डोंबिवलीहून वा विरारहून दादरला कामावर जाण्यासाठी एक तर दुप्पट-तिप्पट खर्च करून रस्त्याने जायचे, नाहीतर रोजगार गमवायचा, एवढेच त्याच्या हाती उरले. त्याच सुमारास शिक्षण वा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना मात्र २८ दिवसांनी दुसरी मात्रा घेण्याची सवलत देण्यात आली होती. परदेशी जाणाऱ्याची निकड खरी होती. कारखान्यात वा दुकानात जाणाऱ्याची निकड खोटी होती काय?

याहून गंभीर प्रकार नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात घडला. लसीकरणाचे प्रमाण वाढावे म्हणून, किमान एक मात्रा घेतल्याचे दाखवल्याखेरीज पेट्रोल आणि स्वस्त धान्य दुकानातील शिधा देऊ नये, असा आदेश निघाला. प्रशासनाचा हेतू वाईट नव्हता. परंतु शिधापत्रिकेवरचे धान्य हे ज्याच्या घरात दुसरे धान्य नसते त्याचे असते. सधन माणूस वाण्याकडून गहू आणतो. त्याला या आदेशाची झळ लागत नाही. जी अट केवळ गरिबालाच टोचते, ती आरोग्याच्या नावाने घातली तरी न्याय्य ठरत नाही.

मग प्रवासावर लशीची अट कधीच नसावी काय? तसेही म्हणता येणार नाही. पीतज्वराचे उदाहरण घ्यावे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका खंडांतील अनेक देशांत हा रोग आहे, भारतात तो नाही. मात्र तो पसरवणारे एडिस डास येथे मुबलक आहेत. एक रुग्ण आला तरी अनर्थ ओढवू शकतो. म्हणून त्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाकडे लसीकरणाचा दाखला नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवण्यात येते. ही लस संसर्गापासून दीर्घकाळ संरक्षण देते आणि नियम सर्व प्रवाशांना समान आहे. लस नसलेल्यासाठीही विलगीकरणाचा मार्ग आहे. शिवाय कोणाची चूल या अटीवर अवलंबून नसते.

याउलट करोनाच्या दाखल्याचे राजकारण कसे होते, तेही जगाने पाहिले. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनने कोविशील्ड मान्य केली, पण भारताचा दाखला अमान्य केला. लस तीच, सूत्र ऑक्सफर्डचे, तरी दोन्ही मात्रा घेतलेल्या भारतीयाला दहा दिवस विलगीकरण! भारताने ४ ऑक्टोबरपासून ब्रिटिश नागरिकांना तोच नियम लावताच ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने आपली अट मागे घेतली. कोव्हॅक्सिनला तर जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ ला मिळाली. तोवर ही लस घेतलेले लाखो भारतीय अनेक देशांच्या लेखी लस न घेतलेलेच होते. दाखला हे आरोग्याचे साधन असते, तसेच ते सत्तेचेही साधन होऊ शकते, हा या प्रकरणाचा धडा आहे.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ च्या जानेवारीत मुंबईतच डॉ. हाफकिन यांनी प्लेगविरोधी लस सिद्ध केली आणि तिची पहिली मात्रा स्वतः टोचून घेतली. फेब्रुवारीत इंग्रज सरकारने साथरोग कायदा केला. पुढे पुण्यात रँडच्या अंमलात घरोघरी सैनिक घुसले, देवघरांपर्यंत झडत्या झाल्या आणि लोक भयाने रुग्ण लपवू लागले. त्या असंतोषाची परिणती चापेकर बंधूंच्या कृतीत झाली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्याच पुण्यात लोकमान्य टिळकांनी हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला आणि सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ ला निवर्तल्या. एकाच शहरात, एकाच वर्षी, एका बाजूला दंडुका होता आणि दुसऱ्या बाजूला सेवा. लोकांनी कोणापासून रुग्ण लपवले, हे विसरून चालणार नाही.

स्वतंत्र भारताने पोलिओचे उच्चाटन कसे केले, हेही पाहावे. १९९५ मध्ये पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये अफवांनी तिची वाट अडवली. तेव्हा कोणाचा शिधा बंद करण्यात आला नाही. कार्यकर्त्या पुन्हा पुन्हा त्याच दारी गेल्या, मौलवींपासून शिक्षकांपर्यंत सर्वांचे साह्य घेतले गेले. १३ जानेवारी २०११ ला हावडा जिल्ह्यात देशातील शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त घोषित झाला.

लस न घेणारा माणूस इतरांचा जीव धोक्यात घालतो, तेव्हा त्याच्यावर बंधन का नको, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप विचारार्ह आहे. अतिदक्षता विभागातील परिचारिकेने लस घेतलेली असावी, अशी अपेक्षा रास्तच आहे. परंतु या युक्तिवादाचा सारा भार एका गृहीतकावर आहे. लस संसर्गाचा प्रसारही थांबवते, हे ते गृहीतक. ओमायक्रॉनच्या लाटेत दोन्ही मात्रा घेतलेलेही मोठ्या संख्येने बाधित झाले. लशीने त्यांचे प्राण वाचवले, पण त्यांच्याकडून होणारा प्रसार पुरता रोखला नाही. मग दाखला असलेला आत आणि नसलेला बाहेर, या भिंतीचा पायाच खचतो.

सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ च्या निकालात हाच विचार मांडला. कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, तथापि सार्वजनिक आरोग्यासाठी शासन वाजवी आणि प्रमाणात राहणारे निर्बंध घालू शकते, असे न्यायालयाने म्हटले. लस न घेतलेल्यांकडून प्रसाराचा धोका अधिक असतो, याचा पुरावा शासनांनी समोर ठेवलेला नाही, हेही नोंदवले आणि लशीच्या दुष्परिणामांची माहिती जनतेसाठी खुली असावी, असे निर्देश दिले. त्यापूर्वी फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयानेही रेल्वेबाबतचे आदेश ज्या पद्धतीने काढण्यात आले, तिच्यावर ताशेरे ओढले होते.

या अनुभवातून काही मर्यादा आताच आखून घेता येतील. लस प्रसार रोखते, हे सिद्ध झाल्याशिवाय प्रवासावर अट नको. लस सर्वांना विनासायास उपलब्ध होऊन पुरेसा अवधी लोटल्याशिवाय अट नको. तपासणी वा विलगीकरण यांसारखा पर्याय ठेवल्याशिवाय अट नको. अटीला कालमर्यादा असावी आणि धान्य, औषध व रोजगाराची वाट यांना तिने स्पर्शही करू नये. विधी आयोगाने २०२४ मध्ये साथरोग कायद्यातील उणिवा दाखवून दिल्या आहेत. १८९७ च्या त्या कायद्याची जागा नवा कायदा घेईल, तेव्हा त्यात या मर्यादा शब्दबद्ध व्हाव्यात.

मात्र केवळ कायद्याने काम भागणार नाही. शासनाने सक्ती करू नये असे म्हणणाऱ्या समाजावर दुहेरी जबाबदारी येते. वस्तीतील वृद्धांना केंद्रापर्यंत नेणे, अफवेला शांतपणे उत्तर देणे, साशंक शेजाऱ्याशी चार वेळा बोलणे, हे काम समाजाने अंगावर घेतले, तर फलाटावर दाखला तपासणारा शिपाई उभा करण्याची वेळच येणार नाही. ज्या समाजाला सक्ती नको असते, त्याने स्वयंशिस्त दाखवली पाहिजे.